नाशिकमध्ये सोलर आणि बॅटरीवर ईव्ही चार्जिंग स्टेशन टाकायचंय? नवीन माणसासाठी अगदी पहिल्यापासून

ज्यांच्याकडे हायवेला जागा आहे, हॉटेल आहे, लॉन्स आहे, अंबड-सातपूरला कंपनीचं पार्किंग आहे असे बरेच लोक हल्ली चार्जिंग स्टेशनबद्दल विचारतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, "भाऊ, किती किलोवॅटचा चार्जर टाकू?" माझं म्हणणं असं की हा प्रश्न चौथ्या-पाचव्या नंबरवर आला पाहिजे. पहिला प्रश्न हा की तुमच्याकडे गाडी किती वाजता येते आणि किती वेळ उभी राहते. नुसत्या महावितरणच्या विजेवर स्टेशन चालवायचं असेल तर हे एकवेळ सोडून दिलं तरी चालेल, पण सोलरवर चालवायचं असेल तर सगळं गणित यावरच उभं आहे, कारण सूर्य त्याच्या वेळेनेच येणार, त्याला आपण थांबवून ठेवू शकत नाही, आणि जी वीज साठवावी लागते ती थेट वापरलेल्या विजेपेक्षा महागच पडते. म्हणून गाडी उन्हाच्या वेळेत जिथे उभी असते तिथे चार्जर न्यायचा, हे एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी परवानगीची भीती काढून टाकूया. चार्जिंग स्टेशन टाकायला वीज विकायचं लायसन्स लागत नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीज विक्री नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ज्या नवीन मार्गदर्शक सूचना आल्या त्यातही हेच कायम आहे, म्हणजे शेतकरी असो, हॉटेलवाला असो की सोसायटी, ठरवून दिलेले सुरक्षा आणि तांत्रिक नियम पाळून कोणीही स्टेशन टाकू शकतं. महाराष्ट्रात यासाठी नोडल एजन्सी महावितरणच आहे, त्यामुळे कनेक्शन पण तिथेच आणि माहिती पण तिथेच.

पायरी १ : गाड्यांची वेळ लिहून काढा

एक साधी वही घ्या आणि दोन आठवडे तुमच्या जागेवर ज्या गाड्या येतात त्यांची नोंद ठेवा, फक्त ईव्ही नाही, सगळ्याच. किती वाजता आली, किती वेळ थांबली, दुचाकी की चारचाकी की रिक्षा, आणि पासिंग कुठलं. कंटाळवाणं काम आहे, पण याच्याशिवाय कोणी कोटेशन दिलं तर ते अंदाजपंचेच असतं असं समजा.

नाशिकमध्ये मला साधारण तीन प्रकारच्या जागा दिसतात आणि तिघांची गरज एकदम वेगळी आहे.

एक म्हणजे अंबड, सातपूर, सिन्नर एमआयडीसी. फर्स्ट शिफ्टचा कामगार सकाळी सातच्या आसपास स्कूटर लावतो आणि दुपारी साडेतीननंतर काढतो, जनरलवाला संध्याकाळपर्यंत. म्हणजे अख्खं ऊन गाडी जागेवरच. इलेक्ट्रिक स्कूटर १०० किलोमीटरला साधारण ३ युनिट खाते, रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटर धरलं तरी सव्वा युनिट झालं. १० किलोवॅटचं सोलर आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४० युनिटच्या आसपास देतं. म्हणजे १० किलोवॅटमध्ये तीसेक स्कूटर आरामात, आणि बॅटरी जवळपास शून्य लागते. सोलर चार्जिंगसाठी याच्यापेक्षा चांगली जागा नाही असं मी प्रत्येकाला सांगतो, पण सगळ्यात कमी लोक याच जागेचा विचार करतात, कारण सगळ्यांच्या डोळ्यासमोर हायवेवरचा मोठा फास्ट चार्जरच असतो.

दुसरी जागा म्हणजे लोक दोन-चार तास थांबतात ती. गंगापूर धरणाकडच्या वायनरी, रिसॉर्ट, त्र्यंबक रोडची हॉटेलं, वणीला गडाच्या पायथ्याचं पार्किंग, लग्नाची लॉन्स. इथे गाड्या बहुतेक दहा ते चार मध्ये येतात, घाई नसते.

तिसरी म्हणजे हायवे. घोटी, इगतपुरी, गोंदे, आडगाव, सिन्नर, आणि आता ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून समृद्धीची सगळी वाहतूक. इथे माणूस अर्धा तास थांबतो आणि निघतो, रात्री नऊला पण येतो, आणि त्याला फास्टच पाहिजे. कसारा घाटाचं एक लक्षात ठेवा, मुंबईकडून येणारी गाडी समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर वर चढून येते, माणसं-सामानासकट दोन टनाची गाडी धरली तर नुसत्या उंचीलाच ३ युनिटच्या वर खर्च होतात, उतरताना त्यातलं थोडंफार रिजनरेशनने, म्हणजे मोटर जनरेटरसारखी चालून, परत मिळतं. म्हणजे घोटी-इगतपुरीला मुंबईकडून येणाऱ्या बाजूला चार्जरची गरज जाणाऱ्या बाजूपेक्षा जास्त. जागा रस्त्याच्या कुठल्या अंगाला आहे हे म्हणून महत्वाचं.

आणि सिंहस्थ. २०२७ च्या कुंभाच्या गर्दीवर स्टेशनचा साईज ठरवू नका. तेव्हा गर्दी प्रचंड असणार हे खरंय पण स्टेशन पुढे पंधरा-वीस वर्ष चालवायचंय. कुंभासाठी जास्तीचा लोड लागला तर तेवढ्यापुरती सोय करता येते, जास्तीचा चार्जर मात्र नंतर नुसता उभा राहतो.

पायरी २ : आता चार्जर निवडा

दुचाकी आणि ई-रिक्षासाठी १५-१६ अँपिअरचे साधे मीटरवाले एसी पॉईंट पुरतात, ग्राहक आपलाच चार्जर घेऊन येतो. कारसाठी स्लो म्हणजे टाईप २ गनवाला (गन म्हणजे गाडीला लावायचा प्लग) ७.४ किलोवॅटचा एसी चार्जर, आणि फास्ट म्हणजे सीसीएस २ गनवाला डीसी, ३० किलोवॅटपासून ६०, १२० पर्यंत.

इथे दोन गोष्टी विक्रेता स्वतःहून सांगत नाही. पहिली, एसी चार्जिंगचा स्पीड गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ठरवतो, कारण एसीचं डीसी करून बॅटरी तोच भरतो. गाडीत ३.३ किलोवॅटचा असेल तर तुमचा चार्जर ७.४ चा असला तरी ती ३.३ नेच घेणार, म्हणून २२ किलोवॅटचा एसी चार्जर घ्यायच्या फंदात पडू नका, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्या त्याच्या साधारण एक तृतीयांशच घेऊ शकतात. दुसरी, डीसीवर ८० टक्क्यांनंतर गाडी स्वतःच स्पीड कमी करते, त्यामुळे १०० टक्के होईपर्यंत जो थांबतो तो तुमची गन अडवून बसतो. फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांची पाटी पहिल्या दिवसापासून लावा.

आता सोलरशी जोडून बघा. ३० किलोवॅटचं सोलर आणि ७.४ चे चार एसी चार्जर, म्हणजे २९.६ किलोवॅट, जोडी कशी मस्त जमते, दुपारी छपरावर जे तयार होतंय ते सरळ गाडीत चाललंय, मध्ये बॅटरीचं काम नाही. त्याच ३० किलोवॅट सोलरसमोर ६० चा एक डीसी चार्जर ठेवला तर गाडी लागल्यावर सोलर कमी पडतं आणि गाडी नसताना वीज ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या लाईनला, जाते. म्हणून थांबणाऱ्या गाड्यांच्या जागेवर एक मोठा चार्जर घेण्यापेक्षा चार छोटे घ्या असंच मी सांगेन. हायवेला मात्र फास्टला पर्याय नाही, आणि मग बॅटरी आलीच.

पायरी ३ : सोलर किती आणि कुठे

नाशिकला १ किलोवॅट पॅनल वर्षाला साधारण १४०० ते १५०० युनिट देतं, म्हणजे रोजचे सरासरी ४. पण ही सरासरी आहे. मार्च-एप्रिलमध्ये ५ च्या आसपास जातं आणि जुलै-ऑगस्टमध्ये २ ते अडीचवर पण येतं. म्हणजे ३० किलोवॅटचे उन्हाळ्यात रोज १४०-१५० युनिट आणि भर पावसात ६०-७०. बिझनेसचं गणित सरासरीवर करा पण ग्रीड कनेक्शन जुलैच्या हिशोबाने घ्या. आणि तालुक्या-तालुक्यात फरक आहे, इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तिथे चार महिने ढग हलत नाहीत, आणि तिकडे सिन्नर-येवला दुष्काळी पट्टा, पाऊस कमी म्हणजे ऊन जास्त. इगतपुरीचं स्टेशन आणि सिन्नरचं स्टेशन एकाच कोटेशनवर बनवून देणारा माणूस टाळाच.

युनिटचं गाडीत रूपांतर करायचं तर कार १ युनिटमध्ये ६ ते ७ किलोमीटर जाते. शहरातला माणूस रोजचे ४० किलोमीटर भरून घेणार म्हणजे ६ युनिट, हायवेवाला एका दमात २५ युनिट घेणार. ३० किलोवॅट सोलरमधून चार्जर-वायरिंगचे लॉस जाऊन ११० युनिट हातात राहिले तर शहरात १८ गाड्या किंवा हायवेला चार-साडेचार गाड्या. बघा किती फरक आहे. हायवेवर "शंभर टक्के सोलर" असा बोर्ड लावायचा असेल तर जागा खूप लागते हे यावरून कळेल.

जागा किती लागते? १ किलोवॅटला ८० ते १०० स्क्वेअर फूट धरा. ३० ला अडीच-तीन हजार. छप्पर नसेल तर पार्किंगवरच लोखंडी स्ट्रक्चर करून पॅनल टाका, खर्च वाढतो पण गाडीला सावली मिळते, आणि एप्रिलमध्ये ४० डिग्रीला सावलीतली गाडी चार्ज पण नीट होते कारण तापलेली बॅटरी स्पीड कमी करते. पॅनल दक्षिणेला तोंड करून, २० अंशाच्या आसपास तिरके, आपलं अक्षांश तेवढंच आहे.

सावली बघायला मात्र स्वतः छपरावर जा, आणि दुपारी बाराला नाही, सकाळी नऊला आणि दुपारी चारला, आणि शक्यतो डिसेंबरमध्ये. सिन्नर रोडच्या एका हॉटेलच्या गच्चीवर गेलो होतो, बाराला गच्ची स्वच्छ मोकळी, कुठे काही नाही. तेच तिथे चार वाजेपर्यंत थांबलो तर पश्चिमेच्या सिंटेक्सच्या टाकीची सावली सरकत सरकत बरोबर तिसऱ्या रांगेत यायची होती तिथपर्यंत आली, आणि टाकीला लागून जो डिश अँटेना होता त्याची पण एक बारीक सावली. मालक म्हणाले एवढ्याशा सावलीने काय होतंय. पण एका स्ट्रिंगमधले पॅनल एकामागे एक जोडलेले असतात, एकावर सावली पडली की अख्ख्या रांगेचं प्रॉडक्शन उतरतं. शेवटी टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात हलवली, प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम. हे आधी झालं म्हणून अर्ध्या दिवसात झालं.

गारपीट. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांना याबद्दल वेगळं सांगायला नको. पॅनलची आंतरराष्ट्रीय टेस्ट २५ मिलिमीटरच्या गारेने सेकंदाला २३ मीटर वेगाने घेतात, त्यापेक्षा मोठी गार आली तर काच फुटू शकते. म्हणून इन्शुरन्स घेताना पॉलिसीत गारपीट आणि वादळ दोन्ही शब्द आहेत का ते स्वतः वाचा. अवकाळीच्या वाऱ्यासाठी स्ट्रक्चरचं डिझाईन स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचं असावं, फॅब्रिकेटरच्या अंदाजाचं नको.

पायरी ४ : बॅटरी, सगळ्यात जास्त पैसे इथेच चुकीचे जातात

बॅटरीचे दोन आकडे असतात आणि लोक एकच विचारतात. एक किलोवॅट-अवर, म्हणजे किती युनिट साठतात. दुसरा किलोवॅट, म्हणजे एका वेळी किती जोरात बाहेर पडतात. पाण्याची टाकी दोन हजार लिटरची असली आणि तोटी अर्धा इंची असली तर बादली भरायला वेळ लागणारच, तसंच हे. ५० युनिटची बॅटरी ०.५ सी रेटिंगची असेल तर ती एका वेळी २५ किलोवॅटच देऊ शकते, १ सी ची असेल तर ५०. ६० किलोवॅटचा फास्ट चार्जर चालवायला घेतलेली बॅटरी ०.५ सी निघाली तर कागदावर युनिट बरोबर आणि प्रत्यक्षात गाडी हळू. कोटेशनवर सी-रेट लिहूनच घ्या.

बॅटरी नेमकी कशासाठी हे पण आधी ठरवा, कारण कामं तीन आहेत. दिवसाचं ऊन संध्याकाळी वापरणं. लाईट गेली तर चालू ठेवणं. आणि तिसरं, जे मला हायवेसाठी सगळ्यात कामाचं वाटतं, छोट्या कनेक्शनवर मोठा चार्जर चालवणं. समजा तुम्हाला ३० किलोवॅटचंच कनेक्शन मिळतंय कारण डीपीवर, म्हणजे तुमच्या भागातल्या ट्रान्सफॉर्मरवर, जास्त लोडला जागा नाही, तर ३० ग्रीडचे आणि ३० बॅटरीचे असे मिळून ६० चा चार्जर चालतो, गाडी अर्ध्या-पाऊण तासात निघून जाते, मग पुढची गाडी येईपर्यंत बॅटरी सोलरवर हळूहळू भरते. नवीन ट्रान्सफॉर्मरचा खर्च आणि वाट बघणं दोन्ही वाचतं. आडवळणाच्या जागांसाठी हा खरा उपयोग आहे. पण दोन गाड्या लागोपाठ आल्या तर काय, हे डिझाईन करणाऱ्याला विचारा, दुसऱ्या गाडीला कदाचित ३० नेच चार्जिंग मिळेल, आणि तेवढं चालत असेल तर ठीक.

केमिस्ट्री एलएफपी घ्या, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. वजनाला जड असते पण आपल्याला ती कुठे पळवायचीय, एका जागी तर ठेवायचीय, आणि उष्णता सहन करायला आणि आगीच्या बाबतीत ती एनएमसी या दुसऱ्या लिथियम प्रकारापेक्षा बरी. लेड-ॲसिड रोज खोल डिस्चार्ज करायच्या कामाला टिकत नाही, स्वस्त वाटली तरी नको.

आता एका युनिटला बॅटरी किती पडते ते असं काढायचं. समजा बॅटरी साडेसात लाखाची, ५० युनिटची, त्यातले ४५ वापरायचे, आणि वॉरंटी ४००० सायकलची, म्हणजे तेवढ्या वेळा भरून रिकामी करायची. ४५ गुणिले ४००० म्हणजे १ लाख ८० हजार युनिट. साडेसात लाखाला त्याने भागलं की युनिटमागे ४ रुपये १७ पैसे, नुसता साठवायचा खर्च, व्याज वेगळं. त्यात भरताना-काढताना १० ते १५ टक्के वीज वाया जाते ती वेगळी. सोलरचं युनिट तुम्हाला ३ रुपयाला पडत असेल तर बॅटरीतून आलेलं साडेसातच्या पुढे गेलं. तुमच्या कोटेशनचे आकडे टाकून हे स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. यावरूनच कळेल की गाडी दुपारी लावली तर आपल्याला किती सुटतात आणि रात्री लावली तर किती, आणि मी वेळेवर एवढा जोर का देतोय.

म्हणून नवीन माणसाने बॅटरी छोटीच घ्यावी, पण वाढवता येईल अशी, मॉड्यूल जोडता येतील अशी. सहा महिन्यांचा डेटा हातात आला की मग वाढवा. ठेवायची जागा सावलीत, हवा खेळती, जमिनीपासून उंच, आणि जिथे डिझेल जनरेटर किंवा गॅस सिलिंडर आहेत तिथून लांब. पत्र्याच्या बंद खोलीत मे महिन्यात बॅटरी ठेवली तर आयुष्य पटकन कमी होतं.

पायरी ५ : लाईट गेल्यावर सोलर पण बंद पडतं

हे दर दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं म्हणून वेगळं लिहितोय. साधा ऑनग्रीड, म्हणजे ग्रीडला जोडूनच चालणारा, इन्व्हर्टर लाईट गेली की लगेच बंद होतो, मुद्दाम तसा बनवलेला असतो, कारण लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छपरावरच्या विजेचा शॉक बसू नये. म्हणजे डोक्यावर भर दुपारचं ऊन आणि स्टेशन बंद. हे नको असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर पाहिजे, जो ग्रीडपासून सुटून बॅटरीच्या आधारावर सोलर चालू ठेवतो. आणि त्याच्या सोबत ईएमएस, म्हणजे ठरवणारा मेंदू, की आता सोलर आधी, मग बॅटरी, मग ग्रीड. ज्या ईएमएसमध्ये तुम्हाला स्वतः वेळ आणि टक्केवारी बदलता येत नाही, दरवेळी कंपनीच्या माणसाला फोन करावा लागतो, तो घेऊ नका. चार्जर ओसीपीपी प्रोटोकॉलचा असावा, म्हणजे उद्या सॉफ्टवेअर कंपनी बदलली तरी चार्जर बदलावा लागत नाही.

पायरी ६ : महावितरणचं कनेक्शन

ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा दर गट आहे, त्यासाठी वेगळं मीटर घ्या. हॉटेलच्या कमर्शियल मीटरवर चार्जर जोडून सुरुवात करायचा मोह होतो, करू नका, दर पण जास्त पडतो आणि नंतर हिशोब वेगळा काढता येत नाही. २०२४ च्या ग्राहक हक्क नियमातल्या दुरुस्तीप्रमाणे नवीन कनेक्शन महापालिका हद्दीत ७ दिवसात आणि ग्रामीण भागात १५ दिवसात मिळायला पाहिजे, नवीन लाईन किंवा सबस्टेशन लागत नसेल तर. अर्ज ऑनलाईन करा, पोचपावती जपून ठेवा, आणि अर्जाच्या आधी सेक्शन ऑफिसला जाऊन तुमच्या डीपीवर किती लोड शिल्लक आहे हे विचारा, कारण त्यावरच सगळं ठरतं. लोड मोठा झाला की हाय टेन्शन कनेक्शन, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, आणि खर्चाचं चित्रच बदलतं.

केंद्राच्या २०२४ च्या सूचनांमध्ये दिवसाच्या चार्जिंगला, सकाळी ९ ते दुपारी ४, सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दर आणि बाकी वेळेला १.३ पट असं सुचवलंय. प्रत्यक्ष दर आपल्याकडे वीज नियामक आयोग म्हणजे एमईआरसी ठरवतं, तर अर्ज करायच्या दिवशी चालू असलेला दर आदेश बघूनच हिशोब करा. पण दिशा कळते, दिवसाची वीज ग्रीडची पण स्वस्त होत चाललीय. म्हणजे पावसाळ्यात सोलर कमी असताना बॅटरी दुपारी ग्रीडवरून भरून संध्याकाळी वापरणं पण फायद्याचं ठरू शकतं.

नेट मीटरिंगचं, म्हणजे ग्रीडला दिलेली वीज बिलातून वजा होण्याचं, एक सांगतो. दुपारी दिलेलं युनिट संध्याकाळच्या महाग तासातून तसंच्या तसं वजा होईल असं धरू नका, टाईम ऑफ डे, म्हणजे वेळेप्रमाणे दर बदलणाऱ्या, मीटरला तासांच्या स्लॉटप्रमाणे हिशोब होतो, आणि सोलरची क्षमता मंजूर लोडपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे परत तिथेच येतो आपण, तयार झालेली वीज त्याच वेळी गाडीत गेलेली सगळ्यात चांगली.

सोसायटीवाल्यांसाठी, इंदिरानगर, गंगापूर रोड, पाथर्डी फाटा वगैरे. पीएम सूर्य घर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी, त्यात ईव्ही चार्जिंग पण येतं, किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे, प्रत्येक घरामागे ३ किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅटपर्यंत. पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात. आणि चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागायचा हक्क सोसायटीला नियमानेच दिलाय. सोसायटीत गाड्या रात्री उभ्या असतात ही मात्र अडचण आहे, तिथे सोलर लिफ्ट-पंपाला आणि गाड्या रात्रीच्या ग्रीडवर, असं सरळ ठेवा, बॅटरी घालून खर्च वाढवू नका.

पायरी ७ : अर्थिंग आणि सेफ्टी

यात काटकसर नको. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमात चार्जिंग स्टेशनचं वेगळं प्रकरण आहे. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर, गाडी चार्जिंग पॉईंटपासून ५ मीटरच्या आत, ३० मिलिअँपिअरला ट्रिप होणारं आरसीडी, म्हणजे वीज गळती झाली की लाईन तोडणारं उपकरण, आणि एक्स्टेंशन बोर्ड लावून चार्जिंग अजिबात नाही. शेवटचं ग्राहकांना समजावून सांगावं लागतं, पण ठाम रहा, पावसात जमिनीवर पडलेला एक्स्टेंशन बोर्ड जीव घेऊ शकतो.

अर्थिंगचं नाशिकचं म्हणून एक वेगळं आहे. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली मुरूम नाहीतर काळा पाषाण. काळी माती ओली असताना अर्थ रेझिस्टन्स छान येतो, मे महिन्यात तीच माती हात घालता येईल एवढी भेगाळते आणि रीडिंग वर जातं, म्हणजे अर्थिंग कमजोर होतं. कॉन्ट्रॅक्टर ऑगस्टमध्ये टेस्ट करून रिपोर्ट देतो आणि सगळे खूश. टेस्ट उन्हाळ्यात परत करून घ्या. पाषाण वर असेल तर केमिकल अर्थिंग आणि जास्त खड्डे लागतील, त्याचे पैसे आधीच धरा. सोलर, बॅटरी, चार्जर सगळ्यांना सर्ज प्रोटेक्शन आणि लाईटनिंग अरेस्टर, वळवाच्या विजा आपल्याकडे कमी नाहीत.

सिंगल फेज चार्जर चार असतील तर ते तीन फेजवर वाटून टाका. एकाच फेजवर टाकले तर एक फेज भरते, बाकीच्या मोकळ्या, आणि मग ट्रिपिंग सुरू. सगळी जोडणी लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरकडून, आणि विद्युत निरीक्षकाची तपासणी जिथे लागू आहे तिथे ती झाल्याशिवाय सुरू करू नका.

पायरी ८ : दर, जीएसटी, ॲप

चार्जिंग सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे, बोर्डावर दर लिहिताना तो धरून लिहा, नाहीतर ग्राहकाशी रोज वाद. माझा सल्ला, दोन दर ठेवा, सकाळी ९ ते ४ स्वस्त आणि बाकी वेळ जास्त, आणि कारण बोर्डावर साध्या मराठीत लिहा की दुपारी छपरावरच्या उन्हावर गाडी चार्ज होते म्हणून स्वस्त. लोकांना हे पटकन पटतं, आणि रोजचे रिक्षावाले, डिलिव्हरीवाली पोरं खरंच जेवणाची वेळ त्याप्रमाणे बदलतात, कारण त्यांचा रुपया-रुपयाचा हिशोब असतो. सबसिडीचं बोलायचं तर पीएम ई-ड्राईव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवलेत, पण सबसिडी धरून बिझनेस प्लॅन बनवू नका, मिळाली तर चांगलंच. स्टेशनची नोंद बीईई म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ईव्ही यात्रा पोर्टलवर करा, गुगल मॅपवर फोटोसकट टाका, आणि चार्जर बंद असेल तर त्याच दिवशी तिथे बंद दाखवा. घाट चढून ८ टक्क्यांवर आलेल्या माणसाला बंद चार्जर दिसणं फार वाईट.

पायरी ९ : चालू झाल्यानंतर

पॅनल धुणं हे सगळ्यात दुर्लक्षित काम. पावसाळ्यात गरज नाही, पण नोव्हेंबर ते मे दर पंधरा दिवसांनी, खडी क्रशर किंवा कच्चा रस्ता जवळ असेल तर आठवड्याला. सकाळी लवकर, पॅनल गार असताना, मऊ ब्रशने. बोअरचं पाणी शक्यतो नको, क्षार असतात, काचेवर पांढरे ओघळ बसतात आणि नंतर ते निघता निघत नाहीत, विशेषतः खालच्या कडेला फ्रेमजवळ. नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. अंजनेरी-त्र्यंबक, वणीकडे माकडं पॅनलवर उड्या मारतात आणि वायरी ओढतात, तिकडे केबल सगळ्या पाईपमध्ये टाका, एकही वायर लोंबकळती नको.

रोज संध्याकाळी चार आकडे लिहा. सोलरने किती बनवलं, गाड्यांनी किती घेतलं, ग्रीडवरून किती आलं, ग्रीडला किती गेलं. ॲपमध्ये दिसतातच, तरी वहीत लिहा, कारण लिहिताना माणूस विचार करतो. ग्रीडला रोज बरंच जात असेल तर दुपारचा दर अजून थोडा कमी करून बघा किंवा आसपासच्या कंपनी-दुकानांना दुपारच्या पार्किंगचं मासिक पॅकेज द्या, अजून एक एसी पॉईंट टाका. ग्रीडला काहीच जात नाही आणि संध्याकाळी ग्रीडवरून भरपूर येतंय असं दिसलं तर आधी पॅनल वाढवा. आणि दुपारचं ऊन पण उरतंय, संध्याकाळी गाड्या पण थांबून राहतायत असं दोन्ही एकाच वेळी सलग दोन-तीन महिने दिसलं, तरच बॅटरीचं पुढचं मॉड्यूल मागवा.